चंद्रभानचा गळ

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माझी शाळा लवकर सुटली. वडील गेले, बैलांच्या मागं जाणारं कोणी उरलं नाही, म्हणून पाटी कोनाड्यात ठेवली आणि गाडीच्या धुरेवर बसलो. त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. गोष्ट माझी नाही. ती आमच्यातले जुने गाडीवान खुशालराव यांनी सांगितली, आणि आपल्या ओळखीच्या माणसाची म्हणून सांगितली. बोलणं जसं ऐकलं तसंच ठेवलं आहे. बाकीचं मला जमेल तसं लिहिलं.

आम्ही कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला निघालो होतो. कौंडण्यपुराच्या वरच्या अंगाला, वर्धेकाठच्या एका गावात मुक्काम पडला. भाकरी झाल्या, बैल बसले. आमच्यातला पोरसवदा देवीदास नदीवर हातपाय धुऊन आला तो विचारतच आला.

"काका, त्या घाटाच्या दगडात एवढं मोठं लोखंडी कडं कावून बसवलं? हत्ती बांधत होते काय अठी?"

"हत्ती नाई रे," खुशालराव म्हणाले. "नावा."

"वर्धेत नावा?"

"कापसाच्या. आगगाडी यायच्या आधी. एका शेठजीच्या डोक्यात आलं होतं, पावसाळ्यात नदीनं माल खाली न्यायचा. दोन सालं चाललं थे."

"मग बंद कावून पडलं?"

खुशालरावांनी चिलीम झटकली. मग बोलू लागले.

शके सतराशे शहाऐंशी, पोळ्याची अवस. दिवसभर बैलांची मिरवणूक झाली होती, पुरणपोळ्या झाल्या होत्या, गाव पोट भरून आडवं झालं होतं. याच गावातल्या महादेवरावांचा मुलगा चंद्रभान जेवून ओसरीवर बसला होता, तेवढ्यात त्याची बायको जमुना मागच्या दारानं रिकाम्या हातानं आली.

"घागर पडली," ती म्हणाली.

"कुठी?"

"इहिरीत. आणखी कुठी पडते?"

चंद्रभान उठला. खुंटीवरचा गळ काढला, त्यावरची जाळी पुसली, दोर खांद्यावर टाकला आणि मळ्यातल्या विहिरीकडं निघाला. घागर सकाळीही काढता आली असती. पण त्याला धीर नव्हता. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. एवढ्याशा कामानं मोठ्या माणसाला बरं का वाटावं, हे समजायला एक साल मागं जावं लागतं.

गळ म्हणजे चार वाकड्या आकड्यांचं लोखंड. विहिरीत घागर पडली की तो दोराला बांधून सोडायचा, तळाशी फिरवायचा, घागरीचा काठ आकड्यात अडकला की हळूच वर घ्यायचा. त्या गावात गळ एकाच घरी होता आणि तो चालवणारा हात एकच होता. दोराच्या थरथरण्यावरून चंद्रभान सांगायचा, हा दगड, हा गाळ, ही घागर. बायका दारात यायच्या. "चंद्रभानभाऊ, पडली नं बापा पुन्हा." मग चंद्रभाननं शेवटचा घास सावकाश चावायचा, पाणी प्यायचं आणि तोऱ्यात निघायचं. परतला की जमुना म्हणायची, "आले काय घागरीचे सरकार?" आणि पदर तोंडाला लावून हसायची. ते हसणं त्याच्या मालकीचं होतं.

शेठजीच्या नावा आल्या तेव्हा घाटाचा मुकादमही चंद्रभानच झाला. पोहण्यात, बुडी मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण नाव धारेत उभी करणं वेगळं. त्यासाठी मुंबईहून लोखंडाचे नांगर आले होते, हातभर फाळांचे, जाड साखळीला जोडलेले. पहिल्याच पुरात एक नांगर खडकाखाली रुतला आणि ओढताना साखळी तुटली. दुसऱ्या वेळी तर साखळीचं आतलं टोक नावेला बांधायचंच राहिलं. नांगर टाकला, साखळी सरसर गेली, शेवटी तिचं शेपूटही पाण्यात गेलं. माणसं नुसती पाहत राहिली. मुकादमही.

शेठजी म्हणाला, "मुकादम, हे लोखंड बैलगाडीनं येते. असं नदीला वाहायला नाही आणलं मी."

आणि त्यानं कोकणातून एक तांडेल आणला.

तांडेल म्हणजे नावेवरचा म्होरक्या. हा काळा, बुटका, कमी बोलणारा माणूस होता. जमिनीवरही पाय फाकून चालायचा, जशी काही जमीन हलते आहे. त्याचं नाव कोणी विचारलं नाही. सगळे तांडेलच म्हणायचे. त्याची सोय महादेवरावांच्या ओसरीवर झाली.

पहिल्या दिवशी पोरं त्याला हसली. "नांगर टाकतो म्हणते. पाण्यात काय पेरतो, तांडेल?" तोही हसला. मग त्यानं सगळी साखळी घाटावर पसरली आणि लहान हातोडी घेऊन एकेक कडी वाजवू लागला. टण्. कान लावायचा. पुढची. टण्. एका कडीचा आवाज बसका आला. थप्. ती त्यानं काढून फेकली.

"चांगली तर होती," चंद्रभान म्हणाला.

"वरून चांगलीच असते," तांडेल म्हणाला. "जी कडी बोलत नाय, तीच दगा देते, मुकादम."

साखळीचं आतलं टोक त्यानं नावेच्या तुळईला दोरानं बांधलं, म्हणजे साखळी आपसुक जाणार नाही, आणि जीवावर बेतलं तर दोर तोडून सोडताही येईल. नांगराच्या माथ्याला आणखी एक दोर बांधला आणि त्याच्या वरच्या टोकाला लाकडाचा तांबडा ठोकळा. त्याला तो बोया म्हणायचा. नांगर तळाशी, बोया वर तरंगतो. साखळी तुटली, सोडावी लागली, तरी नांगर कुठं आहे ते बोया सांगतो. रोज संध्याकाळी डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, जाऊन तो बोयाचा दोर एकदा ओढून पाहायचा, आणि मान हलवून परत यायचा.

"आजवर एक नांगर हरवला नाय माझ्या हातून," तो म्हणायचा. फुशारकीनं नाही. जसं एखादा म्हणतो, माझे दात अजून शाबूत आहेत.

त्या पावसाळ्यात खरंच एकही नांगर गेला नाही. घाटावर माणसं चंद्रभानला सोडून तांडेलला विचारू लागली. तेही त्यानं गिळलं असतं. पण एकदा जमुनाची घागर विहिरीत पडली. ती नवऱ्याला हाक मारायला ओसरीवर आली, तर तिथं तांडेल दोर वळत बसला होता.

"वयनी, तो दोर बघू," तो म्हणाला. टोक हातात घेऊन पाहिलं. "ही गाठ घागरीच्या गळ्यात राहत नाय. अशी मारा. आणि अशी."

जमुनानं मारली. पाच-सहा दिवसांत शेजारच्या कौशल्येनं तिच्याकडून शिकून घेतली, आणि महिना सरायच्या आत सगळ्या गावानं. मग घागर पडेना. चंद्रभान दुपारी जेवताना कान दाराकडं ठेवायचा. कोणी येत नव्हतं. खुंटीवरच्या गळाला कोळ्यानं जाळं केलं.

एकदा त्यानं कौशल्येला उगाच विचारलं, "काय वहिनी, आजकाल घागरी पडत नाईत?"

"नाई नं भाऊ. थ्या तांडेलाची गाठ काय सुटते. देव भलं करो त्याचं."

आणि मग ते हसणं. संध्याकाळी चंद्रभान घाटावरून यायचा, तर बोळातूनच ऐकू यायचं. तांडेल ओसरीवर जेवत काहीतरी हळू सांगायचा आणि उंबऱ्याच्या आत जमुना पदर तोंडाला लावून हसायची. चंद्रभान आत आला की दोघंही गप्प.

"काय झालं एवढं हसाले?"

"काई नाई," जमुना म्हणायची.

ते 'काई नाई' त्याच्या कानात अडकलं. रात्री अंथरुणावर पडला की तो ते पुन्हा पुन्हा ऐकायचा. दोघांमध्ये वावगं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आपलं जे जे होतं ते या माणसानं न मागता उचललं आणि त्याचं त्याला ठाऊकही नाही, याचाच त्याला जाळ व्हायचा.

त्या सालचा पोळा आला. सगळं गाव बैल घेऊन तोरणाखाली. तांडेलही बैल पाहायला गेला, त्यानं एवढे सजवलेले बैल कधी पाहिले नव्हते. घाटावर कोणी नव्हतं. चंद्रभान घरातली फुटक्या जात्याची तळी डोंग्यात घालून बोयापाशी गेला. बुडी मारली. नांगराच्या माथ्यावरचा दोर सोडला आणि जात्याच्या भोकातून ओवून तळीला बांधला. वरून सगळं तसंच दिसत होतं. ओढून पाहिलं तर ताण लागत होता. नांगर एकदाचा हरवावा, शेठजीनं चारचौघांत तांडेलला विचारावं, आणि तांडेलनं मान खाली घालावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. याहून जास्त काही नको होतं. हे खुशालरावांनी दोनदा सांगितलं.

संध्याकाळी तांडेलनं दोर ओढून पाहिला. मान हलवली. परत आला.

रात्री वर डोंगराकडं पाऊस झाला आणि वर्धा चढली. झाडं वाहून येऊ लागली. भरलेली नाव साखळीवर थरथरत होती. तांडेलनं आतला दोर तोडला, साखळी सोडून दिली आणि माणसांच्या मदतीनं नाव काठाला घेऊन त्या कड्याला बांधली. एक गठ्ठा भिजला नाही.

सकाळी शेठजी आला. "नांगर गेला ना?"

"बोया दिसतोय, शेठ," तांडेल म्हणाला. "म्हनजे नांगर आहे. वाहतं लाकूड लागून बोया तुटायच्या आधी त्याला जाडा दोर घालतो."

तो डोंग्यात बसला. पाणी गढूळ, फेसाळ, वेगानं चाललेलं. चंद्रभान काठावर उभा होता. तांडेल बोयापाशी पोचला. आता तो डोंगा बोयाच्या दोराला बांधणार हे चंद्रभानला कळलं. जात्याची तळी बोया धरून ठेवते, भरल्या पुरात माणसासकट डोंगा धरत नाही. चंद्रभाननं तोंड उघडलं. शेठजी शेजारी होता. गाव मागं उभं होतं. ओरडायचं म्हणजे दगड कोणी बांधला ते सांगायचं.

तो ओरडला नाही.

तांडेलनं गाठ मारली आणि वल्हं खाली ठेवलं. डोंगा क्षणभर थांबला. मग चालू लागला. तांडेलनं आधी दोराकडं पाहिलं, मग काठाकडं. सरळ चंद्रभानकडं. हाक मारली नाही. डोंगा खालच्या खडकांवर गेला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. प्रेत मिळालं नाही. दोर तुटला असेल, असं लोक म्हणाले.

पाणी उतरल्यावर शेठजीनं नांगर शोधायला सांगितलं. चंद्रभाननं कितीतरी बुड्या मारल्या. जागा त्याला पाठ होती. तिथं नुसती वाळू होती. शेठजीचं मन उडालं. नावा त्यानं मोडीत काढल्या. चंद्रभान रिकाम्या घाटाचा मुकादम राहिला.

आणि घागरी काही पडेनात. माणूस गेला, त्याची गाठ राहिली. रोज पहाटे जमुना ती गाठ मारायची आणि चंद्रभान पाहायचा. कधी रात्री उठून तो ती चाकूनं कापायचा. सकाळी ती काही न बोलता पुन्हा मारायची. हसायची मात्र नाही. आता तो त्या न हसण्यावरही जळू लागला. मेलेल्या माणसावर जळणं फार वाईट. त्याला मारता येत नाही, घालवूनही देता येत नाही.

तर अशा एका सालानंतर, पोळ्याच्या रात्री, जमुनाची घागर पडली होती. आता कळलं ना, चंद्रभान गळ घेऊन खुशीत का निघाला? गाठ सुटली होती. त्या माणसाची गाठ शेवटी सुटली होती.

मळ्यात काळोख होता. अवसेचा. गावातून एखादी घंटी वाजायची, बैलाच्या गळ्यातली, तीही थांबली. त्यानं कंदील विहिरीच्या काठावर ठेवला. गळ सोडला. दोर सुटत गेला, आणि गळ पाण्याला लागल्याचा ओळखीचा आवाज आला.

फिरवला. गाळ. पुन्हा फिरवला. दगड. मग आकड्यात काहीतरी अडकलं.

त्याच्या हातानं लगेच सांगितलं, ही घागर नाही.

जड होतं. बादली असेल, मोटेचं लोखंड असेल. पाय काठाला टेकून त्यानं ओढलं. आलं. हळूहळू येत होतं. गळ वर आला. कंदिलाच्या उजेडात त्यानं पाहिलं.

आकड्यात साखळी होती.

जाड. प्रत्येक कडी मनगटाएवढी. तिच्यावरून पाणी निथळत होतं. त्यानं ती हातात धरली. का धरली, ते त्याला पुढंही सांगता आलं नाही. त्यानं ओढलं. साखळी येत राहिली. दगडावरून खळखळत यायची, पायाशी पडायची. पुन्हा यायची. विहीर एवढी खोल नव्हती. त्यालाच ठाऊक होतं. महादेवरावांनी त्याच्या डोळ्यांपुढं खणली होती.

तरी येत होती...

मग अडकली. खाली कशात तरी घट्ट बसली. नांगर रुतावा तशी.

चंद्रभान थांबला. घाम गळत होता. काळोखात रातकिडेही ओरडत नव्हते.

खाली, फार खाली, आवाज झाला.

टण्...

त्यानं श्वास धरला.

टण्...

एकेक कडी. मध्ये थोडी उसंत. कान लावावा एवढी.

टण्...

आवाज वर येत होता.

त्यानं साखळी सोडायला हात उघडला. हात उघडेना. बोटं लोखंडाभोवती तशीच मिटलेली. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. त्या सकाळसारखा. तसाच.

टण्... आता पाण्याच्या वर. टण्... दगडाच्या भिंतीजवळ. कंदिलाची वात खाली गेली. टण्... काठाच्या आत, हातभर खाली. पाहिलं असतं तर दिसलं असतं. त्यानं पाहिलं नाही. मान वर केली आणि आभाळाकडं पाहत राहिला.

टण्...

मग त्याच्या मुठीतल्या कडीवर.

थप्.

पुढं काही नाही. कोणी बोललं नाही. कोणी श्वासही घेतला नाही. पण कोणीतरी कान लावून थांबलं होतं. अगदी जवळ... हातोडी थांबवून... वाट पाहत...

किती वेळ गेला कोण जाणे.

"जात्याची तळी," चंद्रभान म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "बोयाले जात्याची तळी बांधली होती म्या. नांगराचा दोर सोडला होता. मले दिसत होतं. तू दोर बांधला तवा... मले दिसत होतं. मी बोललो नाई."

हात सुटले.

तो मागं कोसळला. पायाशी साखळी नव्हती. जमीन कोरडी होती. गळाचा दोर तेवढा काठाच्या दगडाला अडकून विहिरीत लोंबत होता, आणि त्याच्या टोकाला घागर काठाला आतून आपटत होती.

"कोणाले सांगून राहिले तुमी?"

मागं जमुना उभी होती. हातात पणती. उशीर झाला म्हणून पाहायला आली होती. सगळं ऐकलं होतं.

तिनं पणती खाली ठेवली, पुढं होऊन घागर काढून घेतली.

"कावून?" तिनं विचारलं.

आणि त्या वेळीही, खुशालराव म्हणाले, त्या वेळीही त्याच्या तोंडून आलं ते हेच. "तू हसत होती त्याच्यासंगं."

जमुनानं घागर काठावर टेकवली.

"तुमच्याच गोष्टी सांगे थो," ती म्हणाली. "तुमी बुडी मारून वर येता तवा म्हशीवानी कसे फुरफुरता, थे करून दाखवे. म्हणे, असा बुडणारा गडी मी दर्यावर पाहिला नाय. एक साल द्या मला तुमचा मालक, तिकडं बुडलेले नांगर काढायला. मी म्हणो, न्या, पण परत आणून द्या. तिकडचा शेठ पगाराचं कबूल करत नाई तोवर तुमाले सांगू नका म्हणे. आशा लागून राहिली अन् नाई झालं तर वाईट वाटन, म्हणे. म्हणून गप राहो आमी."

चंद्रभानला थंडी भरल्यासारखं झालं. तिनं घागर वाकडी करून त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. कितीही झालं तरी नवरा होता. त्यानं तोंडाला लावलं आणि थुंकलं.

तिनं बोट बुडवून जिभेला लावलं.

पाणी खारट होतं. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींसारखं मचूळ नाही. कडू खारट, मिठाचा खडा विरघळवल्यासारखं.

"त्याचं नाव काय होतं?" जमुनानं विचारलं.

चंद्रभानला ठाऊक नव्हतं.

"मलेई ठाऊक नाई. एवढे दिवस आपल्या ओसरीवर जेवला अन् नाव नाई इचारलं कोणी." तिनं घागर उपडी केली. "तिकडं त्याची बायको वाट पाहून राहिली असन. जा. त्याचं घर हुडका. मले सांगतलं तसं तिले सांगा. थोवर या घरात येऊ नका."

पहाटे चंद्रभाननं गावासमोर, बापासमोर सगळं सांगितलं. महादेवराव खाली मान घालून उठून गेले. मग तो एक घोंगडी घेऊन अमरावतीच्या वाटेला लागला.

"मीच त्याले गाडीत घेतलं," खुशालराव म्हणाले. "अकोल्यापर्यंत नेलं. वाटेत त्यानं हे सगळं मले सांगतलं. साखळीचे वळ उठलेले तळहात दाखवले. मी इचारलं, ज्याचं नाव ठाऊक नाई त्याचं घर कसं हुडकशीन गा? थो म्हणे, समुद्राकाठी जाइन अन् घरोघर इचारीन, पोळ्याले कोणाचा माणूस परत आला नाई. अकोल्याले उतरला, पुढं मुंबईकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांत बसला. त्याच्यानंतर कोणाले दिसला नाई."

"आणि थे इहीर?" देवीदासनं विचारलं.

"खारटच हाये. खारं पाणी पूर्णेच्या पट्ट्यात असते, अकोल्याकडं. अठी वर्धेकाठी कोणत्याच इहिरीत नाई. शेजारच्या वावरात गोड, पलीकडच्या गोड. याच एकीचं..."

रात्री देवीदास माझ्या घोंगडीला घोंगडी लावून निजला, आणि मी सरकून त्याला जागा करून दिली.

सकाळी बैल जुंपायच्या आधी मी मळ्यातल्या विहिरीवर गेलो. तिथं कोणी नव्हतं. काठावर गवत वाढलं होतं. मी तांब्या दोराला बांधून सोडला, भरून काढला आणि एक घोट तोंडात घेतला. मग तो तांब्या हातानं झाकून, सांडू न देता, घाटावर नेला. वर्धा संथ होती. पंतोजींनी आम्हाला एकदा सांगितलं होतं, ही नदी पुढं दुसऱ्या नद्यांना मिळून समुद्रात जाते. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि तांब्या हळूच धारेत ओतला. मागून खुशालरावांनी हाक मारली, तेव्हा जाऊन गाडी जुंपली.